मोठं कोणी घरात आहे का?

आमच्या घरी सुट्टीत मुलांना पत्रकांच्या घड्या घालायला बसवत. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात बाकीची पोरं केळीच्या बागांतून हुंदडायची, आणि अक्का न् मी ओसरीवर बसून कागदाचा मध्य शोधायचो. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आबा, आमचे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. संध्याकाळी त्यांचं दुसरं काम सुरू व्हायचं. दारूच्या दुकानाविरुद्ध, भगताच्या अंगाऱ्याविरुद्ध, बोगस बियाण्याविरुद्ध पत्रक लिहायचं, तालुक्याच्या प्रेसमधून छापून आणायचं आणि बाजाराच्या दिवशी वाटायचं. पत्रकाचे त्यांचे नियम होते. विशेषणं कमी. मागणी एकच. आणि ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याला पहिली प्रत स्वतः नेऊन द्यायची. या शेवटच्या नियमापायी त्यांनी एकदोनदा मारही खाल्ला. आई म्हणायची, "मले काय वाचून दाखवता, आधी दळण आणा."

पुढे मी जळगावला एका साप्ताहिकात लागले आणि अक्का तिथल्याच एका खासगी शाळेत शिक्षिका झाली. तिचं बिऱ्हाड भुसावळला. भाऊजी वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. सकाळी ते पूर्वेला जायचे, ती पश्चिमेला, आणि पहिलीत शिकणारी माझी भाची दोघांच्या मधे, भुसावळच्या शाळेत. अक्का अजून तात्पुरती होती. तिला कायम करण्याचा प्रस्ताव त्या वर्षी संस्थेच्या बैठकीत यायचा होता. घरात बाकी कशाबद्दलही बोलणं निघालं तरी ते फिरून तिथेच येऊन थांबायचं. कायम झाली की घराचं बघता येईल. कायम झाली की मुलीला जरा बऱ्या शाळेत घालता येईल. कायम झाली की आजारी पडता येईल, असंही अक्का एकदा म्हणाली होती.

त्याच हिवाळ्यात हायवेला बर्गरचं दुकान उघडलं. दुकान म्हणणं चूक आहे. सगळी काच, आत थंड हवा, बाहेर घसरगुंडी, आणि दाराशी चष्मा लावलेलं एक मोठं फुग्याचं अस्वल. मोठ्या कंपनीचं नाव, चालवणारा आपल्याकडचा माणूस. धुळ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा. आधी रावेरला केळीचं पॅकिंग करायचा. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलताना समोरच्याचा खांदा धरणारा. सगळे त्याला भाऊ म्हणत.

भाऊ आणि कंपनीचा नाशिकहून आलेला एक तरुण अधिकारी अक्काच्या शाळेत येऊन गेले. त्यांनी मुख्याध्यापकांपुढे एक योजना ठेवली. तिचं नाव वाचन उत्सव. मुलांनी गोष्टीची पुस्तकं वाचायची. प्रत्येक पुस्तकाला कार्डावर अस्वलाचा एक शिक्का. कार्ड भरलं की मुलाला बर्गर फुकट. मोठ्यांनी सोबत यायचं, त्यांचं त्यांनी घ्यायचं. कार्ड वर्गशिक्षकांनी वर्गात वाटायचं, शिक्के शिक्षकांनीच मारायचे. बदल्यात कंपनी शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहांना दारं आणि नळ बसवून देणार होती.

ती दारं खरोखर नव्हती. मोठ्या मुली दोघीदोघी जायच्या, एक आत, दुसरी ओढणी धरून उभी. संस्थेकडे मुख्याध्यापक सरांनी किती अर्ज केले असतील ते त्यांनाच ठाऊक. म्हणून अक्काने पहिल्यांदा नापसंती दाखवली तेव्हा ते चिडले नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचं तत्त्व मला पटतं. पण तत्त्वाला कडी लागत नाही. दाराला लागते."

अक्काने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तीही हसत होती. उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहून काढलं.

रविवारी भुसावळला सगळे जेवायला जमलो. आबा गावाहून आले होते. भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. मी पत्रक वाचून दाखवलं. मागणी एकच होती: शाळेच्या आवारात मुलांपुढे कुठल्याही खाण्याच्या मालाची जाहिरात होऊ नये.

"विशेषणं दोन जास्त आहेत," आबा म्हणाले. "बाकी छापायला द्या."

अक्का तव्यावरची भाकरी उलटत होती. "छान आहे. आणि परवा सर मला विचारतील, ही लिहिणारी कोणाची बहीण?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात?"

"नाव कशाला लागतं? नाक आहे ना. आबांनी दोघींना एकच देऊन ठेवलंय."

भाऊजी जोरात हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या फॅक्टरीत पहिल्याच दिवशी शिकवतात, माल भरताना घाई नाही करायची. तू तर भरायच्या आधीच उडवायला निघालीस."

"म्हणजे गप्प बसायचं?"

"मी तसं म्हटलं का? मी म्हटलं, शेजारी कोण उभं आहे ते बघ."

आबांना हे आवडलं नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या जरा आपटूनच ठेवला. "नोकरीच्या धास्तीनं माणूस गप्प बसायला लागला, तर मग बोलायचं कोणी? मी बोललोच ना? मार खाल्ला, पण बोललो."

अक्काने गॅस बारीक केला. आवाज चढवला नाही. "आबा, तुम्ही कायम होतात. पत्रकं काढली तेव्हा तुम्ही कायम होतात."

आबांनी भाचीच्या ताटात कांद्याची पात ठेवली. मग म्हणाले, "हो. कायम होतो." आणि त्यांनी आणखी भरीत मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर अक्काने माझ्या हातातून कागद घेतला, पुन्हा वाचला आणि परत दिला. "हे आत्ता नको काढू. मी घाबरले म्हणून नाही सांगत. घाबरले आहेच, पण म्हणून नाही. वर्ग माझा आहे. त्यात काय वाटायचं ते मी ठरवेन. सरही नाही, कंपनीही नाही, आणि तूही नाहीस."

मी पत्रक पिशवीत ठेवलं. आबा परतीच्या गाडीला निघाले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती दोन विशेषणं तरी काढून ठेवशील ना?"

पुढच्या आठवड्यात आम्ही भाचीला घेऊन हायवेवर गेलो. तिच्या वर्गातली सगळी मुलं जाऊन आली होती, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं ते आधी पाहावं, असं अक्काचं म्हणणं. भाऊने तिला ओळखलं. स्वतः उठून टेबल पुसलं.

बर्गर चांगला होता. हे लिहिलं पाहिजे, कारण पत्रकात मी ते लिहिलं नव्हतं. बटाट्याचे काप गरम, मीठ बेताचं. मुद्दा तेलाचा असता तर मला आपल्या जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या निम्म्या हॉटेलांविरुद्ध लिहावं लागलं असतं. शेवभाजीवर तवंग किती असतो ते आपण सगळे बोटाने बाजूला सारून पाहतो आणि तरी खातो. कचोरीवालाही काही आरोग्य विकत नाही. पण कचोरीवाला कढईसमोर उभा राहतो. तो अक्काच्या पाचवीच्या वर्गात येऊन फळ्याशेजारी उभा राहत नाही.

मी बसल्याबसल्या बघत होते. खेळण्यांचं काचेचं कपाट माझ्या गुडघ्यापासून सुरू होऊन कमरेशी संपत होतं. मोठ्या माणसाला ते पाहायला वाकावं लागे, भाचीला नाही. तिच्या खोक्यातून अस्वल निघालं. कपाटात अस्वलाची बहीण होती, आजोबा होता, आणि एक छोटी गाडी होती, जिच्यात तिघं बसू शकत होती. खाऊन झाल्यावर पोट भरलं होतं, कुटुंब अपुरं होतं. "आपण परत कधी यायचं?" तिने विचारलं. बर्गर आवडला का, हे तिला विचारल्यावर ती जरा गोंधळली. तिने अर्धाच खाल्ला होता.

भाऊ आमच्यापाशी येऊन बसला. अक्काने त्याला सरळच विचारलं, "भाऊ, तुम्ही शाळेत का येता? हायवेवर एवढी गर्दी असते."

तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. "मॅडम, ट्रेनिंगमधे सांगतात. पोरगं हो म्हणालं की घर आलं. बापाला पटवायला वेळ लागतो. तो भाव विचारतो, तेल कुठलं विचारतो. पोरगं काही विचारत नाही." मग त्याने काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "मी इतकी वर्षं केळी विकली. व्यापाऱ्यानं घड हातात घेऊन दहा खोडी काढल्याशिवाय एक गाडी हलली नाही. इथं कोणी खोडच काढत नाही. पहिल्यांदा मला बरं वाटलं. आता सवय झाली."

बाहेर येऊन आम्ही बसथांब्यावर थांबलो. भाची अस्वलाला हायवे दाखवत होती.

वाचन उत्सवाचं उद्‌घाटन शनिवारी, पालकसभेतच ठेवलं होतं. पटांगणात मांडव, पुढे मुलं, मागे खुर्च्यांवर पालक. जळगावची शाळा असली तरी निम्मे पालक आजूबाजूच्या गावांतले, कोणी आज्याला पाठवलेलं, कोणी मामाला. मी साप्ताहिकासाठी म्हणून आले होते आणि मागच्या रांगेत बसले. अस्वलाचा पोशाख घातलेला कोणीतरी मुलांशी हात मिळवत फिरत होता. मुलं किंचाळत होती. मलाही त्यात वाईट काही दिसेना. मुलं खूश होती, एवढंच दिसत होतं.

नाशिकचा अधिकारी बोलला. वाचनाचं महत्त्व, मोबाइलचे तोटे. नंतर सर बोलले. दारांचा उल्लेख त्यांनी "मुलींसाठी आवश्यक सुविधा" असा केला, आणि मागच्या बाजूला बसलेल्या आठवीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. भाऊनेही उठून दारं बसवून देण्याचं कबूल केलं. मग सरांनी जाहीर केलं की पाचवीच्या वर्गशिक्षिका आपल्या वर्गाला पहिली कार्डं वाटतील. अक्का उठली. गठ्ठा तिच्या हातात दिला गेला. तिने तो टेबलावर ठेवला आणि माइक घेतला.

"भाऊ," ती म्हणाली, "कार्डं वाटण्याआधी एक विचारू? तुम्ही गावाकडचे, म्हणून विचारते."

"विचारा ना, मॅडम."

"तुमच्या गावात चूलबंद आवतण देतात?"

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. चूलबंद आवतण म्हणजे अख्ख्या घराला जेवायचं बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. लग्न असो, वास्तुशांत असो. आवतण सांगायला माणूस दारोदार फिरतो.

"देतात की," भाऊ म्हणाला. "बठ्ठा गाव देतं, सगळा गाव." पालकांत हशा झाला. त्यालाही बरं वाटलं.

"आवतण सांगणारा दारात आला. घरात मोठं कोणी नाही. एकटं पोर आहे, माझ्या वर्गातल्यासारखं, चांगलं हुशार. मग तो काय करतो?"

भाऊ विचार न करताच बोलला, आणि बोलताना घरच्या भाषेत गेला. "पोऱ्याले सांगीसन थोडंच चालस? मोठं कोणी घरमा शे का, असं इचारस. नही व्हई ते परत येनं पडस."

"परत का यायचं? पोर सांगेल की आईला."

"तसं नही ना अक्का!" मॅडमची अक्का कधी झाली ते त्यालाही कळलं नाही. "पोर ते होच म्हनी. त्याले काय ठाऊक, घरमा कोनाशी बोलनं बंद शे, कोनाले सुतक शे, कोन आजारी शे. घरना मानूसले नही म्हनता येवाले पाहिजे. पोरना कानवर टाकेल आवतण, ते आवतण नही." आणि इथे तो थांबला. माइक त्याच्या समोर नव्हता, पण पहिल्या काही रांगांना ऐकू गेलं होतं. त्यांनी मागच्यांना सांगितलं.

अक्काने गठ्ठ्यावर हात ठेवला. "तेच मला म्हणायचंय. तुम्ही यांच्या घराला जेवायला बोलावताय. मग मोठ्यांना बोलवा. ते समोर बसले आहेत. आत्ता द्या त्यांच्या हातात, हवं तर मी मदत करते. ज्याला यायचं तो येईल, ज्याला नाही म्हणायचं तो नाही म्हणेल. वर्गात मी हे वाटणार नाही. पोरं माझं ऐकतात. मी पाढे म्हणा म्हटलं की म्हणतात, आणि हे घेऊन जा म्हटलं की घेऊन जातील. म्हणून नाही वाटणार."

टाळ्या झाल्या नाहीत. सभेत असं काही झालं की लोक एकमेकांकडे बघतात, तसं बघत होते. एक आजोबा खुर्चीवरून न उठताच म्हणाले, "मन्हा नातू आते घरनी भाकर खात नही. म्हनस, तठेच जावानं. माले कोणी इचारंच नही." त्यांच्या शेजारची एक तरुण आई म्हणाली, "पण आजोबा, महिन्यातून एकदा नेलं तर बिघडलं काय? मला तरी द्या कार्ड." आणि ती पुढे येऊन स्वतः कार्ड घेऊन गेली. अक्काने तिला ते हसून दिलं. आणखी काहीजण उठले, काही बसून राहिले. पहिल्या रांगेत पाचवीची मुलं गोंधळून बाईंकडे पाहत होती. त्यांतल्या एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला पहिलं कार्ड मिळणार होतं.

ती मुलगी मला अजून आठवते. बरोबर असलेल्या गोष्टीची किंमत पहिल्यांदा एखाद्या मुलालाच मोजावी लागते, हे पत्रकात कसं लिहितात ते मला माहीत नाही.

भाऊने पुढच्या आठवड्यापासून शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर टेबल लावलं. पालकांनाच कार्डं द्यायचा, मुलांनी हात पुढे केला तर "जा, आईले धाड" म्हणायचा. दारांचं त्याने सभेत सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, म्हणून दारंही बसली. कंपनीच्या माणसाला हे मान्य नव्हतं, असं तो अक्काला नंतर म्हणाला. "ते म्हणतात, शिक्षकाच्या हातून गेलं नाही तर त्याला काही अर्थ नाही. म्हणजे तुमचंच म्हणणं बरोबर निघालं, मॅडम. त्यांनाही तुमचाच हात हवा होता."

नाशिकच्या अधिकाऱ्याने मात्र संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला होता. त्या सालच्या उद्‌घाटनाचे फोटो कुठे लागले नाहीत आणि संस्थेच्या इतर शाखांमध्ये वाचन उत्सव होणार होता, तो झाला नाही. संस्थेच्या लेखी ती मोठी अडचण होती, कारण इतर शाखांमध्येही दारं नव्हती. हे मी उपरोधाने लिहीत नाही. खरंच नव्हती.

बैठकीनंतर सरांनी अक्काला बोलावलं. प्रस्ताव मंजूर झाला होता. ती कायम झाली होती. पण जागा पिंपळनेरच्या शाखेतली होती.

पिंपळनेर म्हणजे जळगाव जिल्हा ओलांडून, धुळं ओलांडून, साक्रीच्याही पुढे, पश्चिमेच्या डोंगराला लागून. तिथून वरणगाव म्हणजे पार दुसरं टोक. रोज जाण्या-येण्याचा प्रश्नच नव्हता.

सर म्हणाले, "मॅडम, मी अध्यक्षांशी बोललोय. तुम्ही एक ओळ लिहून द्या. सभेत गैरसमजातून बोलले, संस्थेच्या उपक्रमाला माझा विरोध नाही. एवढंच. इथेच कायम करून घेतो."

"गैरसमज कोणाचा, सर?"

"कोणाचा असं लिहू नका. नुसतं गैरसमजातून लिहा." आणि मग खाली बघत, "मला तुमची गरज आहे इथे. पाचवीला तुमच्यासारखी बाई नाही मिळत."

ती संध्याकाळी घरी आली तेव्हा मीही भुसावळला होते. तिने आम्हाला सगळं सांगितलं आणि भाचीच्या गणवेशाला बटण लावायला बसली. भाऊजी पंख्याखाली उभे राहून शर्ट वाळवत होते. कोणी काही सुचवत नव्हतं. मला वाटलं होतं, मी सुचवेन. माझ्याकडे या विषयावर बरंच काही होतं. पण एक ओळ लिहिली असती तर तिच्या मुलीचा बाप रोज रात्री घरी येणार होता. न लिहिली तर येणार नव्हता. तिच्या जागी बसून मी कधीच काही लिहिलेलं नव्हतं.

"लिहून दिलं तर काय होईल?" शेवटी भाऊजींनी विचारलं.

"काही नाही होणार. इथे राहीन. सोमवारी वर्गात जाईन." तिने दोरा दाताने तोडला. "पुढच्या वर्षी दुसरी कोणी कंपनी येईल, कार्डं देईल. मी वाटेन. कारण मी लिहून दिलेलं असेल."

"आणि नाही दिलं तर मी एकटा."

"हो. तुम्ही एकटे."

भाऊजी आत गेले. भांड्यांचा आवाज आला. ते पाणी पीत असावेत. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "तिकडे थंडी जास्त असते म्हणतात. पोरीच्या स्वेटरच्या बाह्या आखूड झाल्यात, नवा घ्यावा लागेल." एवढंच. अक्का मान खाली घालून बटण पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिली.

आबांना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं, "याचं पत्रक काढायचं का?" अक्का म्हणाली, "नको. माझ्या बदलीत पत्रक काढण्यासारखं काय आहे? मला कुठे काढून टाकलंय? कायम केलंय." तिच्या आवाजात टोमणा होता की नव्हता ते आबांना कळलं नाही. 

निघायच्या दिवशी भाऊजींनी मित्राची गाडी आणली. गाद्या, भांडी, सायकल. भाची पुढे बसली आणि एरंडोलपर्यंत काहीबाही विचारत राहिली, मग झोपली. धुळं गेलं, साक्री गेलं, शेतांचा रंग बदलत गेला, आणि रस्त्याच्या कडेने डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया दिसायला लागल्या. पिंपळनेरला खोली शाळेच्या मागेच होती. घरमालकीणबाईने आल्याआल्या विचारलं, "साहेब नाही राहणार?" अक्का म्हणाली, "सुट्टीला येतील." शाळेतून एक शिपाई किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, की बाई, तुम्हाला चौथी दिलीय. अक्काने विचारलं, मुलं किती येतात रोज? तो म्हणाला, "कामाले जाताना माय-बाप घेऊन गेले नाहीत तितकी." तिने मान हलवली. माझ्या लक्षात आलं, ती मनाने आत्ताच त्या वर्गात जाऊन बसली होती.

भाऊजी आणि मी दुपारी निघालो. भाची दारात उभी राहून हात हलवत होती, रडली नाही. तिला अजून पुरतं कळलं नव्हतं.

साक्रीजवळ भाऊजींनी गाडीचा वेग कमी केला. मग एकदम म्हणाले, "तिनं लिहून दिलं असतं ना, तर मी तिला आयुष्यभर कधी काही म्हटलं नसतं. पण मनात म्हटलं असतं." थोडं अंतर गेल्यावर, "आता मनात काही नाही. रागही येतोय आणि मनात काही नाही, असं कसं असतं गं?"

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. 

धुळ्याला चहासाठी थांबलो. त्यांनी चहा तसाच ठेवून तिला फोन लावला आणि टपरीच्या मागे जरा लांब जाऊन उभे राहिले. मला वाटलं, ते काही महत्त्वाचं बोलत असतील. परत आले तेव्हा चहावर साय आली होती.

"काय म्हणाली?"

"काही नाही. डाळ किती वेळ भिजवायची, ते विचारत होतो. आणि हिंग कुठल्या डब्यात आहे."

त्यांनी चहा एका घोटात संपवला आणि गाडी सुरू केली.